गिरणीशेजारच्या मॅडम

त्यांचं नाव मी लिहीत नाही. हे माझं मला लिहितेय, कुणाला दाखवायचं नाही, तरीपण नाही. मी त्यांना विचारलेलं नाही, आणि न विचारता कुणाचं नाव घ्यायचं नाही हे त्यांनी आमच्या अंगात इतकं मुरवलं की आता हातच चालत नाही. गावाचंही नाव नको. शेवगावच्या बाजूला, एवढं पुरे.

घरालाच लागून आमची पिठाची गिरणी आहे. आमचे मालक साखर कारखान्यावर कामाला, त्यामुळे गिरणी मीच बघते. गिरणीला लागून एक खोली आहे, तिथे आम्ही पोती ठेवायचो. मॅडम नगरहून गावात आल्या तेव्हा सरपंचांनी त्यांना ग्रामपंचायतीची वरची खोली दाखवली होती. पंखा, टेबल, पुढे लिंबाचं झाड, शांत. त्या म्हणाल्या, फार शांत आहे, चालणार नाही. मग गावभर फिरून आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. गिरणी चालू होती. त्यांनी ओरडून विचारलं, “ही दिवसभर चालते का?” मी मान हलवली. “असाच आवाज असतो?” मला वाटलं तक्रार करायला आल्यात. मी गिरणी बंद करायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

त्यांचं काम लोकांशी बोलण्याचं होतं. कुणाला झोप लागत नाही, कुणाचं घरात पटत नाही, कुणाच्या मनात नको ते विचार येतात, अशांचं ऐकून घ्यायचं. समुपदेशन. हा शब्द मला न चुकता लिहिता येतो, कारण त्यांच्या दारावर लावायला सरपंचांनी हौसेनं पाटी करून आणली होती. मॅडमनी ती लावू दिली नाही. पाटी बघून आत शिरलेलं माणूस सगळ्या गावाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. ती पाटी त्यांनी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. तिच्यावर तांब्या ठेवायचो, त्यामुळे तो शब्द रोज माझ्या डोळ्यांखाली.

आवाज का हवा ते पुढे कळलं. बाई डोक्यावर दळणाचा डबा घेऊन यायची, डबा माझ्यापाशी ठेवायची आणि दळण होईपर्यंत आतल्या खोलीत जाऊन बसायची. बाहेर उभ्या असलेल्यांना वाटायचं बसायला गेली. आत काय बोलणं झालं, कोण रडलं, काही बाहेर यायचं नाही. गिरणी सगळं खाऊन टाकायची. लाईट गेली की मॅडम आतलं बोलणं मध्येच थांबवायच्या. माणूस डोळे पुसत असलं तरी थांबवायच्या आणि चहा करायला लावायच्या. लाईट आली की मग पुढे.

पण लाईट गेल्यावर दुसरी पंचाईत व्हायची. दळणासाठी खोळंबलेल्या बायका ओट्यावर बसून बोलायला लागायच्या आणि ते सगळं आत ऐकू जायचं. कुणाची सून, कुणाचा बांध, कुणाची पोरगी कुणाच्या गाडीवर दिसली. तेव्हा आतून मोठ्यानं पाढे सुरू व्हायचे. “सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस.” पहिल्यांदा झालं तेव्हा बायका घाबरल्या. मला वाटलं मॅडमना काहीतरी झालं. आत जाऊन बघते तर कानात बोटं आणि तोंडानं पाढे. म्हणाल्या, “त्या मला सांगत नाहीयेत ना? मग मी कशाला ऐकू?” सोपा पाढा म्हटला तर कान मोकळे राहतात, म्हणून मुद्दाम अवघड घ्यायच्या. एकोणिसाचा त्यांचा आवडता. तो त्यांना येत नव्हता. सहावर येऊन अडायच्या आणि परत एकोणीस एके एकोणीस. गावातली पोरं शाळेत जाताना त्यांची नक्कल करायची.

रस्त्यात त्या कुणाला ओळख द्यायच्या नाहीत. एका पोळ्याला आमच्याकडे पोटभर पुरणपोळी जेवल्या, सासूबाईंनी वर तूप वाढलं. दोन दिवसांनी शेवगावच्या बाजारात सासूबाई समोर आल्या तर मॅडम भेंड्या निवडत राहिल्या, मान वर नाही. सासूबाई घरी येऊन तणतणल्या, “माझं तूप खाऊन मलाच वळखंना.” मी भीत भीत मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मी कुणाला आधी हाक मारली की बरोबरचं माणूस विचारतं, ही तुला कशी ओळखते? मग त्या माणसाला खोटं बोलावं लागतं. त्यानं आपणहून हाक मारली तर मी दहा वेळा बोलेन. पुढच्या बाजाराला सासूबाईंनी लांबूनच हाक मारली आणि मॅडमनी भर बाजारात त्यांना मिठी मारली. तेव्हापासून सासूबाई त्यांच्या बाजूच्या झाल्या.

सगळ्यात विचित्र म्हणजे त्यांचा पहिला धडा. नवीन माणूस आलं की त्या विचारायच्या, “चहा घेणार?” माणूस म्हणायचं, घेतो की. मग त्या म्हणायच्या, “आता एकदा नाही म्हणून दाखवा.” लोकांना कळायचंच नाही. एक म्हातारे बाबा रागावून उठले होते. म्हणाले, आजवर चहाला न्हाई म्हनलो न्हाई, आता कशाला तोंड इटाळू. मॅडमचं म्हणणं असं की, ज्याला माझ्यासमोर नाही म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला काही वजन नाही. मी उद्या त्याला विचारलं, तुमचं बोलणं लिहून घेऊ का, तर तो भिडेपोटी हो म्हणणार. तो हो मी घेतला तर ती चोरीच.

मला तो धडा कधी जमला नाही. चहा घेणार का, घेते. नाही म्हणा, बरं. एवढंच. मी चौथीपर्यंत शिकले, चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. गिरणीवर बसायला मला आवडतं ते यासाठीच, की तिथे कुणी बोलत नाही. डबा पुढे करतात, मी दळून देते.

मॅडम मोठ्या पदवीसाठी अभ्यास करत होत्या. माणसांचे स्वभाव कसे असतात आणि कुठल्या स्वभावाचं माणूस मन मोकळं करायला येतं, असा काहीतरी विषय. त्यासाठी त्या प्रश्न वाचून दाखवायच्या. अनोळखी माणसाशी बोलायला आवडतं का? फार, थोडं, अजिबात नाही. मी म्हणाले, तुम्हाला बरं वाटेल ते लिहा. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “ताई, असं लिहिता येत नाही.” मग मला धीर आला आणि मी विचारलं, तुमचा स्वभाव कसा आहे हो? मला वाटलं होतं त्या सांगतील, गंभीर, अबोल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “माझ्याइतकी चोंबडी बाई नगर जिल्ह्यात नसेल. मला दुसऱ्याच्या घरचं ऐकायला इतकं आवडतं की विचारू नका. आणि तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून तर एवढे नेम लावून घेतलेत.”

हे खरं होतं. टीव्हीवरच्या मालिकेतल्या बाईचं कुणाशी काय चाललंय हे त्या सासूबाईंना तासभर रंगवून सांगायच्या. हातवारे करून, आवाज काढून. ते बघितलं की पाढ्यांचं मोल कळायचं.

हळूहळू मीही त्यांच्याशी बोलायला लागले. सासूबाई गिरणीवर बसायच्या, बाजरीचं मोठं दळण वरून ओतून द्यायच्या आणि मी आत. तिथे मी ते सांगितलं जे मालकांनाही नीट सांगितलं नव्हतं.

आमचे वडील लवकर गेले. दादानं मला वाढवलं, लग्न करून दिलं, आणि लग्नानंतर ही गिरणीही त्यानंच उभी करून दिली. शेजारच्या गावात त्याचं शेत आहे, बोलण्यात जोर आहे, आमचे सरपंचही त्याला मानतात. त्यानं माझी मुलगी त्याच्या मुलासाठी मागितली होती. मागितली म्हणजे काय, धरूनच चालला होता. आमच्याकडे मामाच्या घरीसुद्धा मुलगी देतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण माझी मुलगी लहानपणी कितीतरी वर्षं मामाकडेच होती. ती दोघं एका ताटात जेवून वाढली. ती मला म्हणाली, आई, मी त्याला राखी बांधत आले, मला कसं होईल? मालकांना विचारलं तर म्हणाले, तुझा भाऊ, तू बघ. आणि मला दादाला नाही म्हणता येत नव्हतं. रोज गिरणीवर बसून मी देवाला म्हणायचे, हे आपोआप मोडू दे. हेच मी मॅडमना सांगितलं. पोरीवर जबरदस्ती नको आणि माझं माहेरही तुटायला नको, एवढंच मला हवं होतं.

मॅडमनी विचारलं, हे मी अभ्यासात वापरू का, नाव-गाव बदलून? मी हो म्हणाले. आठवड्यानं परत विचारलं, तेव्हाही हो म्हणाले. मला हो शिवाय येत काय होतं?

मग एक दिवस त्यांचे सर नगरहून गाडी करून आले. अभ्यासावर देखरेख करणारे. खोली बघितली, गिरणीचा आवाज ऐकून कपाळाला आठ्या घातल्या, पण कागद वाचून खूश झाले. सरपंचांना म्हणाले, गावात कार्यक्रम ठेवू, यातलं थोडं वाचून दाखवू, गावालाही कळू दे. सरपंचांना तेच पाहिजे होतं. हिवरे बाजार आदर्श गाव म्हणून बघायला कुठून कुठून लोक येतात, आपल्याकडे कुणी फिरकत नाही हे त्यांचं जुनं दुखणं. त्यांनी लगेच आजूबाजूच्या गावांतली मोठी माणसं बोलावली. दादाला पुढची खुर्ची.

मॅडमचा नेम असा की बाहेर जाण्याआधी ज्याचं त्याला वाचून दाखवायचं. कार्यक्रमाच्या आधी त्यांनी मला आत बोलावलं. सासूबाई गिरणीवर. मॅडम वाचायला लागल्या. माझं नाव बदललं होतं. गाव तिकडे डोंगरातलं राजूर केलं होतं. मुलीच्या जागी दोन मुली केल्या होत्या. मी मान खाली घालून ऐकत होते. ऐकायला चांगलं वाटत होतं, आपलं बोलणं असं पुस्तकासारखं. आणि मग आलं, की दर भाऊबीजेला या बाईचा भाऊ साडी आणत नाही, छिन्नी-हातोडा घेऊन येतो, दिवसभर बसून तिच्या गिरणीच्या दगडांना टाकी लावतो आणि मग ओवाळून घेतो.

दगड झिजून गुळगुळीत झाले की पीठ नीट येत नाही, त्यांच्यावर परत खाचा माराव्या लागतात. पैसे देऊन माणूस बोलावतात त्यासाठी. पण माझ्या गिरणीला बाहेरच्याचा हात लागू द्यायचा नाही अशी दादाची अट. भाऊबीजेला आमच्या ओट्यावरची टकटक सगळं गाव ऐकतं. असा भाऊ तालुक्यात दुसरा नाही. राजूर लिहा नाहीतर काशी लिहा, पुढच्या खुर्चीवर बसलेल्या दादाला पहिल्या ओळीत कळलं असतं. आणि त्याच्यामागे बसलेल्या सगळ्यांना. आपली बहीण आपल्या मुलाला नको म्हणते हे त्याला माईकवरून ऐकावं लागलं असतं.

 मॅडमनी विचारलं, “ठेवू का?”

मी म्हणाले, “ठेवा.”

“नक्की ठेवू?”

“ठेवा की.”

त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. मी पदराला पीळ घालत होते. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “चहा घेणार?”

 बाहेर गिरणी चालू होती, बाजरी संपत आल्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, “नाही.”

“आणि हे पान? ठेवू का?”

“नाही.”

त्या एकदम उभ्या राहिल्या. मला वाटलं रागावल्या. त्यांनी टाळी वाजवली आणि परत बसल्या. का, असं विचारलं नाही. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही हाही त्यांचा नेम होता. मीच सांगितलं, की त्या टाकीवरून सगळे ओळखतील. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “नाव बदललं, गाव बदललं आणि माणूस तसाच ठेवला. ते मला फार आवडलं होतं ना ताई, म्हणून सोडवलं नाही. माझी चोंबडेपणाची खोड.” मी म्हणाले, तेवढंच काढलं तर? त्या म्हणाल्या, “तुम्ही पानाला नाही म्हणालात. आता भाव करू नका.”

सरांशी त्या फोनवर बोलल्या तेव्हा मी पोती शिवत होते. सरांचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण ते काय म्हणत असतील ते कळत होतं. मॅडम म्हणाल्या, “हो सर, सगळ्यात चांगलं तेच आहे. पण ते माझं नाही.” पुढे नुसतंच हो सर, हो सर. त्या एका पानावर त्यांनी बरंच काही उभं केलं होतं, ते सगळं आता मोडून परत लिहायचं होतं.

कार्यक्रम झाला. मी बायकांच्या मागे खांबाला टेकून उभी होते. पान काढलंय हे माहीत असूनही शेवटपर्यंत माझी नजर दादाच्या खुर्चीवर होती. मॅडमनी दुसऱ्या कुणाकुणाचं वाचलं. एक बाई होती, तिच्या मनातलं घरच्यांना कधी कळलंच नाही, आणि ती आतल्या आत आजारी पडली. कोण ते आजवर मला माहीत नाही, आमच्याच गावातली का कुठली. दादा पुढे बसून ऐकत होता. मग घरी चहाला आला. पायरीवर बसून बशीत फुंकर मारत म्हणाला, “काय बायका असत्यात. अगं, आपल्या मानसाला सांगाया नको का? घरातली मानसं काय वाघ हायती?” मी त्याच्या बशीत आणखी चहा ओतला. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि चुलीतली लाकडं उगाच सारखी केली.

दिवाळी आली. मॅडम नगरला घरी गेल्या नाहीत, आमच्या त्या खोलीतच बसून ते परत लिहायचं काम पुरं करत होत्या. भाऊबीजेला दादा सकाळीच आला, छिन्नी-हातोडा पिशवीत. गिरणी बंद. त्यानं वरचा दगड उतरवला, मांडी घातली आणि टकटक सुरू केली. मी समोर बसून दगडावरची भुकटी फडक्यानं पुसत होते. मुलगी आत करंज्या तळत होती. गिरणी नाही म्हणजे भिंतीपलीकडे मॅडमना सगळं ऐकू जाणार हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

दादा खाली बघून म्हणाला, “तुळशीचं लगीन झालं की आपुन सुपारी फोडून घेऊ. पोरांचं वय चाललंय.”

मी म्हणाले, “दादा, नाही.”

टकटकीत त्याला ऐकू आलं नसावं. मी परत म्हणाले. त्याची छिन्नी थांबली.

“काय म्हनलीस?”

“पोरगी त्याला भाऊ मानते. तिच्या मनात नाही. माझ्याही नाही.”

इतकं शांत मी आमचं घर कधी ऐकलं नव्हतं. आतली कढईसुद्धा गप्प झाली. दादा माझ्याकडे बघत होता. त्याच्या भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी बसली होती. मला वाटलं आता हा उठणार, पिशवी घेणार, चपला घालणार.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. “एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस.” जोरात, घाईनं, एखादी बाई विस्तवावरून चालत असावी तसा.

दादा म्हणाला, “ह्ये काय?”

मी म्हणाले, “मॅडम आहेत. आपलं बोलणं कानावर पडू नये म्हणून म्हणतात.”

“एकोणीस पाचा पंच्याण्णव. एकोणीस सक...” आवाज अडला. “एकोणीस सक...” परत अडला. मग पहिल्यापासून सुरू. पुन्हा सहावर येऊन थांबला.

दादा जुन्या शाळेतला. गुरुजींनी पाढे छडीवर पाठ करून घेतलेले. त्याच्यानं राहवेना. भिंतीकडे तोंड करून तो ओरडला, “चौदोदरसे. एकोणीस सक चौदोदरसे.” म्हणजे एकशे चौदा.

 मग पलीकडून बारीक आवाजात, “धन्यवाद. एकोणीस साता...” आणि परत गप्प.

आत मुलगी फसकन हसली. सासूबाईंनी तिला दटावलं आणि त्याच हसायला लागल्या. दादा हसला नाही, पण त्याच्या तोंडावरचा ताण सुटला. मला म्हणाला, “मग इतके दिस का बोलली न्हाईस? मी काय वाघ हाय?”

“थोडासा,” मी म्हणाले. हे मी कसं म्हणाले ते अजून मला कळत नाही.

त्यानं छिन्नी उचलली. मी म्हणाले, दादा, राहू दे आज. तो म्हणाला, “अर्धा दगूड टाकून जाऊ व्हय? तुझं पीठ कसं यील?” आणि खाली बघून परत टकटक करायला लागला.  पोराला मी बघतो, एवढं मधेच म्हणाला, तेही दगडालाच सांगितल्यासारखं. दिवेलागणीला दगड बसवून, हात-पाय धुऊन पाटावर बसला आणि मी त्याला ओवाळलं. वहिनी पुढे वर्षभर माझ्याशी तुटक बोलत होती, नाही असं नाही. पण दादा आला. त्याच्या पुढच्याही भाऊबीजेला आला.

मॅडमना पदवी मिळाली, उशिरा मिळाली, आणि त्या दुसऱ्या तालुक्यात गेल्या. त्या दिवशी काय झालं हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. जाताना टेम्पोत सामान चढवलं, पिंपावरची पाटी मला ठेवली. शेवगावच्या बाजारात अजून कधी कधी दिसतात. मान खाली घालून भेंड्या निवडत असतात. आता मी लांबूनच हाक मारते.